पोथी, प्रचीती आणि बनारसीदास

स्वाध्यायाला बसलं की दोन प्रकारची माणसं हटकून भेटतात. एकाचं उत्तर 'शास्त्रात लिहिलंय' इथं संपतं, दुसऱ्याचं 'मला अनुभव आलाय' इथं. पुढचा प्रश्न विचारलेला दोघांनाही आवडत नाही, आणि विचारणारी बाई असली तर मुळीच नाही.

गंमत अशी, की ज्या 'समयसारा'चा आधार दोघेही घेतात, त्यात आचार्य कुंदकुंदांची भूमिका निराळीच आहे. पाचव्या गाथेत ते म्हणतात की आत्मा मी माझ्या स्वतःच्या वैभवानं दाखवीन. दाखवला तर तुम्ही पडताळून प्रमाण माना, आणि कुठं चुकलो तर तेवढंच धरून बसू नका. एवढा मोठा अधिकारी पुरुष, पण 'मी सांगतो म्हणून माना' असं म्हणत नाही! हे वैभव कशातून आलं, ते अमृतचंद्रांनी 'आत्मख्याती' टीकेत उलगडलंय: आगमाची उपासना, निर्दोष युक्ती, गुरूंचा उपदेश आणि स्वसंवेदन. अनुभव शेवटी येतो, पण एकटा येत नाही. आधीच्या तिघांना सोडून आलेला अनुभव पुष्कळदा आपल्या आवडीनिवडीचाच असतो, असं मला वाटतं. आणि अनुभव वगळून उरतं ते पाठांतर.

आमच्या बस्तीत एका आक्कांनी विचारलं होतं, "देह वेगळा, आत्मा वेगळा हे मला तोंडपाठ आहे. पण हे गेल्यापासून रडू थांबत नाही. म्हणजे माझी श्रद्धाच खोटी का?" प्रवचनकार म्हणाले, "हा मोह आहे," आणि पान उलटलं. उत्तर शास्त्राला धरून होतं, पण आक्का पुन्हा काही विचारायच्या राहिल्या त्या राहिल्याच.

त्यांच्या हाती मी बनारसीदासाचं 'अर्धकथानक' दिलं असतं. आग्र्याच्या या व्यापारी श्रावकानं 1641 मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी ते लिहिलं. माणसाचं पूर्ण आयुष्य 110 वर्षांचं धरायचं, म्हणून ही अर्धी कथा. (माझंही वय त्याच सुमाराचं, पण एवढं खरं लिहायचं धाडस कुठून आणू?) 'समयसार' हाती पडला आणि निश्चयाचं वारं असं डोक्यात शिरलं, की जप, सामायिक, प्रतिक्रमण सगळं सुटलं. मित्रांसह खोलीत कपडे उतरवून 'आम्ही मुनी झालो' म्हणण्यापर्यंत मजल गेली. हे तो स्वतःच सांगतो, न सावरता. पुढं पंडित रूपचंदांनी 'गोम्मटसार' समजावला, गुणस्थानांचा क्रम कळला, तेव्हा गाडी रुळावर आली. आत्म्याची ओढ खोटी नव्हती, पण पायऱ्या ठाऊक नव्हत्या. त्या पायऱ्या पोथीनं दाखवल्या. मग 1636 मध्ये त्यानं 'समयसार नाटक' रचलं, जे आजही स्वाध्यायात वाचलं जातं.

पण मला सगळ्यात मोठा वाटतो तो त्यानंतरचा भाग. त्याची नऊ मुलं झाली, नऊही गेली. शेवटचा मुलगा गेला तो 'नाटक' लिहून झाल्यावर. दोन वर्षं उलटली तरी शोक निवला नाही, असं तो लिहितो. मोह जाणत्यालाही सोडत नाही, हेही कबूल करतो. प्रवचनकारांचा शब्द तोच, 'मोह'. फरक इतकाच, की बनारसीदास तो स्वतःबद्दल वापरतो.

तक्रार आहे ती एकच. पहिल्या बायकोनं अडचणीत वीस रुपये गुपचूप काढून दिले, हे त्यानं आठवणीनं नोंदवलंय. मुलं गमावलेल्या आयांचं मन मात्र या पुस्तकात फारसं उघडत नाही. त्यांनीही कुठल्या पोथीला कान लावला असेल, ते आपल्यापर्यंत आलेलं नाही.