कुणबीण कीं मोलकरीण?
अंजूरकरांच्या इतिहासाच्या निमित्तानें कांहीं टीका

उत्तर कोंकणच्या इतिहासांत भिवंडी तालुक्यांतील अंजूर या गांवाचें स्थान काय आहे, हें या पानांच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. फिरंगी अमलाच्या जाचानें त्रस्त होऊन गंगाजी नाईक अंजूरकर व त्यांचे बंधु यांनीं चिंचवडच्या देवांचा आश्रय केला, पेशव्यांच्या दरबारीं खटपट केली, आणि अखेर इ. स. १७३७ च्या मार्चअखेर ठाण्यावर हल्ला होऊन १७३९ च्या मे महिन्यांत वसई मराठ्यांच्या हातीं आली, ही कथा साष्टीच्या बखरींत विस्तारानें आलेली आहे. पेशवे दफ्तराच्या निवडक कागदांच्या सोळाव्या खंडानें तिला समकालीन पत्रांचा आधार मिळाला; य. न. केळकर यांनीं १९३७ सालीं ‘वसईची मोहीम’ लिहून ती मराठी वाचकांस सुगम केली. पिसुर्लेकरांनीं १९६७ सालीं ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ या ग्रंथांत गोव्याच्या दफ्तरांतील बाजू उजेडांत आणिली. एवढें सर्व झाल्यावर या विषयांत आतां राहिलें काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, घर राहिलें.

कर्ते पुरुष वर्षानुवर्षें राजकारणांत गुंतलेले असतां मागें एवढ्या मोठ्या कुटुंबाचें दळण, कांडण, पाणी, शेणपोतेरें, गुरांची वैरण आणि आल्यागेल्याचें जेवणखाण हीं कोणाच्या हातून होत होतीं? बखर याविषयीं मुकी आहे. बखरकारास आम्ही दोष देत नाहीं. घराण्याची सेवा नोंदवून ठेवण्यासाठीं लिहिलेल्या लेखांत पाणक्याची व बटकीची हजेरी कोण मांडील? दोष आहे तो आमच्या वर्गाचा. राजवाड्यांनीं बखरींवर अविश्वास ठेवावयास शिकविलें, व अस्सल कागदांची भक्ति आम्हीं त्यांच्यापासून घेतली. परंतु अस्सल कागद हातीं आल्यावर त्यांतून आम्हीं निवडलें काय? तर बखरकारानें जें निवडलें असतें तेंच: मोहिमा, तह, सनदा व वतनें. घरखर्चाची यादी निघाली तर ती ‘किरकोळ’ म्हणून बाजूस ठेविली. ज्या ठिकाणीं बखर व संशोधक यांचें मौन एकच आहे, त्या ठिकाणीं संशोधनाचा अभिमान कोणत्या आधारावर बाळगावा, हें आम्हांस समजत नाहीं.

हें मौन जेथें मोडतें तेथें दुसरा घोटाळा होतो, तो शब्दांचा. पेशवाईच्या कागदांत ‘कुणबीण’ हा शब्द वारंवार येतो. कुणबी जातीची स्त्री हा त्याचा सरळ अर्थ. परंतु कारखान्यांच्या याद्यांत, वांटणीपत्रांत व खर्चाच्या वह्यांत तो आला म्हणजे बहुतेक ठिकाणीं त्याचा अर्थ विकत घेतलेली, बक्षीस मिळालेली अथवा सरकारांतून दिलेली दासी असा होतो. मोल्सवर्थच्या कोशानेंही दासीचा अर्थ नोंदविलेला आहे. असें असतां स्थलेतिहास लिहिणारे कित्येक लेखक ‘घरीं चार कुणबिणी होत्या’ या वाक्याचा अर्थ चार मोलकरणी असा करून मोकळे होतात, व कांहीं तर ‘शेतकरी स्त्रिया मदतीस येत’ असें लिहितात. एका अक्षराचाही फेर न करितां इतिहास येथें खोटा होतो. मोलकरीण या शब्दांतच मोल आहे. ती मोलानें काम करिते, व मोल न मिळाल्यास दुसरें दार पाहूं शकते. कुणबिणीचें मोल एकदांच दिलें जाई, आणि तें तिला दिलें जात नसे.

दासीला शेतकरी जातीचें नांव कां पडावें? आमच्या मतें याचें कारण पाण्यांत आहे. उच्चवर्णीय घरांत जी हंडा भरील, भांडीं घांसील, धान्य निवडील, ती ज्या जातीचें पाणी चालतें अशाच जातीची पाहिजे. विकत घेतलेल्या मुलीचें मूळ गांव व कुळ दूर राहिलेलें. विकणारा सांगेल तें खरें मानावयाचें. तेव्हां तिला कुणबीण म्हणणें हें वर्णन जितकें, तितकेंच तें घराच्या सोंवळ्याला दिलेलें अभयपत्र होतें. ‘बटीक’ या शब्दांत हें अभय नाहीं. म्हणूनच तो शिवीसारखा उरला, आणि आजही वर्तमानपत्रांतून न्यायसंस्था किंवा विद्या ही सत्तेची बटीक झाली अशी तक्रार करणारे लेखक तो निःशंकपणें वापरतात. ज्या बायका खरोखर बटकी होत्या त्यांची आठवण त्या लेखकांस होत नसावी.

मग कागद वाचतांना भेद ओळखावा कसा? आम्हीं स्वतः पुढील रीति अनुसरतों. प्रथम वेतन पाहावें: नांवापुढें दरमहा किंवा दरसाल कांहीं रक्कम पडली आहे, कीं केवळ पोटास व लुगड्यास खर्च पडला आहे? नंतर क्रियापद पाहावें. ‘चाकरीस ठेविली’ हें एक, आणि ‘घेतली’, ‘दिली’, ‘सोडिली’ हें दुसरें. घेणें, देणें व सोडणें हीं वस्तूंचीं क्रियापदें आहेत. परंतु सर्वांत बोलका पुरावा शेजाऱ्याचा असतो. यादींत ती स्त्री कारकून, पाणके व आचारी यांच्या रांगेंत आली आहे, कीं म्हैस व तांब्याचा हंडा यांच्या मध्यें? यादी करणारा कारकून खोटें बोलण्याच्या हेतूनें बसलेला नसतो. तो ज्या ओळींत जें मांडतो, त्या ओळींतच त्याच्या काळाचा न्याय असतो.

या स्त्रिया आल्या कोठून, याचा शोध अलीकडे सुमित गुहा यांनीं घेतला आहे. अठराव्या शतकांतील पश्चिम हिंदुस्थानांतील गुलामगिरीवरील त्यांचा निबंध २००६ सालीं प्रसिद्ध झाला. दुष्काळांत विकलेलीं मुलें, स्वाऱ्यांत धरून आणलेल्या स्त्रिया, दासीच्या पोटीं जन्मलेल्या मुली या वाटा तर होत्याच. परंतु आम्हांस अधिक विचार करावयास लावते ती सरकारी वाट. शिंदळकीचा आरोप शाबीत झालेल्या स्त्रीस सरकार बटीक करून किल्ल्यावर, कोठींत, थट्टींत अथवा पागेंत कामास लावीत असे, किंवा कोणास देऊन टाकीत असे. म्हणजे न्याय करणारें सरकारच त्या न्यायापासून फुकटचे हात मिळविणारें होतें. अशा व्यवस्थेंत आरोप किती काळजीनें तपासले जात असतील, याचा निर्णय वाचकांनीं करावा. आमचें मत अनुकूल नाहीं. पेशवाईच्या न्यायदानाची स्तुति करणाऱ्या ग्रंथांतून हें प्रकरण एखाद्या तळटीपेंत आटोपलेलें आम्हीं पाहिलें आहे. तें मुख्य पानावर आलें पाहिजे.

येथें एक आक्षेप नेहमीं घेतला जातो, त्याचा परामर्श घेणें अवश्य आहे. शिवछत्रपतींनीं १६७७ सालीं कर्नाटकाच्या स्वारींत डच व्यापाऱ्यांस कौल देतांना माणसांची खरेदी-विक्री करण्यास मनाई केली, ही गोष्ट खरी व मराठ्यांस भूषणावह आहे. परंतु तीवरून मराठी राज्यांत गुलामगिरीच नव्हती असें जें अनुमान काढण्यांत येतें तें प्रमाणास सोडून आहे. तो कौल एका प्रांतांतील परकी व्यापाराविषयींचा आहे. घरांतील दासीविषयीं तो बोलत नाहीं, व पुढील शतकांतील शेंकडों नोंदी त्याच्या उलट उभ्या आहेत. थोर पुरुषाच्या एका आज्ञेनें त्याच्या मागून आलेल्यांचे हिशेब पुसले जात नाहींत.

फिरंग्यांविषयींही हाच माप लावला पाहिजे. १५५९ च्या राजाज्ञेनें हिंदु पोरक्या मुलांस पाद्र्यांच्या ताब्यांत देण्याची वाट मोकळी झाली. गोव्याच्या १५६७ च्या धर्मपरिषदेस गुलामांच्या वागणुकीविषयीं ठराव करावे लागले. बोकारो यानें १६३५ च्या सुमारास ठाण्यांचें वर्णन करितांना पोर्तुगेज घराण्यांबरोबर त्यांचे हत्यार धरण्याजोगे गुलामही मोजले. अंजूरच्या खाडीपलीकडे, साष्टींत, हें नित्य दृष्टीस पडणारें होतें. आमचे लेखक याचें वर्णन संतापानें करितात, आणि तो संताप योग्य आहे. मात्र वसई घेतल्यावर तीच लेखणी एकाएकीं सौम्य होते. चिमाजी आप्पांनीं एका फिरंगी स्त्रीस सन्मानानें परत पाठविलें ही दंतकथा प्रत्येक पाठ्यपुस्तकांत सांपडते. त्या स्त्रीच्या दासीचें काय झालें, असा प्रश्न दंतकथेंतही कोणास सुचलेला नाहीं.

‘आपल्याकडे दासींस घरच्यासारखें वागवीत’ हें विधान एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज अंमलदारांपासून आजच्या कुलवृत्तांतकारांपर्यंत सर्वांनीं केलें आहे. आमची हरकत एवढीच कीं, हें विधान करणारे सर्व धनी किंवा धन्यांचे पाहुणे आहेत. प्रेमानें वागविलेल्या दासी नसतीलच असें आम्ही म्हणत नाहीं. वृद्धपणीं सोडून दिल्याच्या नोंदीही मिळतात. परंतु वृद्धपणीं सोडणें ही दया कीं खर्चाची बचत, हें एका ओळीच्या नोंदीवरून कोण सांगूं शकेल? आणि धन्यापासून झालेल्या तिच्या संततीस ‘लेंकवळा’ असें वेगळें नांव देणारी भाषा, तिला घरचीच मानीत होती असें कसें म्हणावें?

या ठिकाणीं इंग्लंडचें उदाहरण उपयोगी पडेल. व्हिक्टोरिया राणीच्या काळांत तेथील खेड्यांतल्या मुली बारा-तेरा वर्षांच्या झाल्या कीं चाकरीस निघत. फ्लोरा थॉम्पसन हिनें ऑक्सफर्डशायरमधील आपल्या गांवाची ही रीत १९३९ सालच्या ‘लार्क राइज’ या पुस्तकांत वर्णिली आहे. श्रॉपशायरमधील शिफ्नल येथें १८३३ सालीं जन्मलेली हॅना कलविक ही आठव्या वर्षापासून कामास लागली, व पुढें चुली, पायऱ्या, बूट यांचा रोजचा हिशेब तिनें आपल्या रोजनिशींत लिहून ठेविला. ती रोजनिशी १९८४ सालीं छापली गेली. तिला पगार होता, नोटीस देऊन जागा सोडण्याची मोकळीक होती. आमच्या बटकीस यांतील कांहींच नव्हतें, म्हणून दोघींस एका तागडींत घालणें चूक होईल. तरीही एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. हॅनानें लिहिलें तें आर्थर मन्बी या शिकलेल्या गृहस्थाच्या आग्रहावरून, आणि तें राहिलें तें त्याच्या पेट्यांत, केंब्रिज येथील ट्रिनिटी कॉलेजांत. म्हणजे लिहितां येणाऱ्या चाकर स्त्रीचा शब्दही कोणी मागितल्यावांचून व जपल्यावांचून राहिला नाहीं. मग जिला अक्षरओळख नव्हती तिची रोजनिशी नाहीं म्हणून तिचा इतिहास नाहीं, असें म्हणणें हा केवळ आळस होय. तिचा इतिहास दुसऱ्याच्या हिशेबांत, आडव्या नजरेनें वाचावा लागेल.

१८४३ च्या पांचव्या कायद्यानें कंपनीच्या मुलुखांतील न्यायालयांनीं गुलामावरील धन्याचा हक्क मानणें सोडिलें, व १८६२ पासून अमलांत आलेल्या दंडसंहितेनें माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरविली. शब्द मात्र घरांत राहिले, आणि ठाणें जिल्ह्यांत दुसरी एक सांखळी दिसूं लागली, ती कर्जाची. लग्नासाठीं घेतलेल्या थोड्या रुपयांवर नवराबायको सावकाराकडे राबत राहात. त्यास ‘लग्नगडी’ म्हणत. सिमिंग्टन यांनीं १९३९ च्या आपल्या अहवालांत हा प्रकार सरकारपुढें मांडला, १९४५ सालीं वारली उठले, आणि वेठबिगार रद्द करणारा कायदा १९७६ सालीं झाला. या उत्तरार्धाविषयीं गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हां माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळें वाचकांस पुष्कळ माहिती आहे; येथें अधिक लिहीत नाहीं. पूर्वार्धास मात्र असा लेखक मिळालेला नाहीं.

आतां अंजूर व भोंवतालच्या गांवांतील जुन्या घराण्यांच्या वंशजांस आमची एक विनंति आहे. या भागांत माणकोली, काल्हेर, दापोडें येथपर्यंत जिकडे तिकडे गोदामें उभीं राहिलीं आहेत, व वाडे उतरविले जात आहेत. वाडा उतरवितांना सनदा, महजर व शिक्क्याचे कागद लोक हल्लीं जपून ठेवितात, हें चांगलें झालें आहे. परंतु मोडींतील खर्चाच्या वह्या, कोठीच्या धान्याच्या याद्या, लग्नांतील देण्याघेण्याचे तपशील व भाऊबंदांच्या वांटणीचे बंद हे अद्याप रद्दींत जातात. ते तसे घालवूं नयेत. वाळवी लागली असली, पहिलें पान नसलें, वर्ष वाचतां येत नसलें, तरी चालेल. ज्या पानावर दाणा, लुगडें, जोडें आणि त्यांपुढें बापाच्या नांवावांचून एखादें ‘रखमी’ किंवा ‘गोदी’ असें नांव आढळेल, तें पान प्रथम काढून ठेवावें, आणि त्याचें छायाचित्र घेतांना शेजारच्या ओळी कापूं नयेत.