लोकरीचा गोळा आणि बाजरीची पिशवी

ऑड्री लॉर्डच्या ‘द कॅन्सर जर्नल्स’ या पुस्तकातला एक प्रसंग खूप लोकांना माहीत असतो, पुस्तक न वाचलेल्यांनाही. 1978 साली न्यूयॉर्कमध्ये लॉर्डचा उजवा स्तन काढला. ती तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. कवयित्री, कृष्णवर्णीय, लेस्बियन, दोन मुलांची आई. ऑपरेशननंतर हॉस्पिटलात तिला भेटायला ‘रीच टू रिकव्हरी’ या उपक्रमाची एक स्वयंसेविका येते. तिचंही हेच ऑपरेशन झालेलं असतं. बाई प्रेमळ आहे, उत्साही आहे. येताना एक तयार पाकीट घेऊन आलीये. त्यात एक मऊ ब्रा आणि दाबून स्तनाच्या आकाराचा केलेला फिकट गुलाबी लोकरीचा गोळा. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की हे घातलंस की काही झालंच नाही असं दिसेल. माझा खोटा कुठला ते ओळखून दाखव, असंही ती विचारते. लॉर्डला ओळखता येत नाही, कारण त्या ताठ ब्रामध्ये तिला दोन्ही सारखेच खोटे वाटतात. नंतर ती तो गोळा लावून बघते. तो वाकडा बसतो. आणि रंग? तिच्या कातडीवर गुलाबी.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, फोनवर. लगेच स्क्रीनशॉट काढून स्टेटसला टाकला होता. काय धुतलंय, असं वाटलं होतं. पुढे दहाव्या दिवशी ती डॉक्टरकडे जाते आणि तिथली नर्स तिला सांगते, की खोटा स्तन न लावता येऊ नका, त्यानं इथलं मनोबल खचतं. हे तर अजूनच भारी. लॉर्डचा त्यावरचा युक्तिवाद बिनतोड आहे: इस्रायलचा मोशे दायान डोळ्यावर पट्टी बांधून जगभर फिरतो, त्याला कुणी काचेचा डोळा बसवायला सांगत नाही.

गेल्या वर्षी माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर निघाला. आधी ऑपरेशन, मग केमो. सुरुवातीला दर तीन आठवड्यांनी ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, चार वेळा. त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल, दर मंगळवारी एक असे बारा. काका नाहीत, मुलगी बंगळूरला, म्हणून मंगळवारची ड्यूटी माझी. लॅपटॉप मांडीवर घेऊन ‘वर्क फ्रॉम होम’ म्हणत मी डे-केअरच्या बाकड्यावर बसायचो. त्या बाकड्यावर मी ‘द कॅन्सर जर्नल्स’ दुसऱ्यांदा वाचलं आणि माझा स्क्रीनशॉट मला जरा उथळ वाटायला लागला.

एक कबुली इथेच देतो. हे पुस्तक माझ्यासाठी लिहिलेलं नाही आणि बाकड्यावरच्या गप्पाही माझ्यासाठी नव्हत्या. मी दोन खुर्च्या सोडून बसलो की बायकांचे आवाज मोठे व्हायचे, जवळ आलो की बारीक. म्हणजे माझं सगळं ज्ञान कान टवकारून मिळवलेलं आहे.

मावशीच्या शेजारी सोलापूरकडच्या एक काकू असायच्या. त्या मावशीपेक्षा तीन आठवडे मागे होत्या, पण हा त्यांचा दुसरा फेरा होता. कॅन्सर परत आला होता. त्यामुळे सगळं पाठ. त्यांचं बोलणं म्हणजे प्रश्नच प्रश्न. तोंड आलंय का? चमचा कडू लागतोय का? मग स्टीलचा नको, लाकडी घ्या. रात्री डोकं उशीला टेकलं की दुखतंय ना, ते केस गळायच्या वेळेला दुखतंच, सुती टोपी घालून निजा. ऑपरेशन झालंय त्या हाताला सुई टोचू द्यायची नाही, बीपीचा पट्टाही नाही. कोण नवी नर्स आली तर तोंड उघडायचं.

सहाव्या मंगळवारी त्यांनी विचारलं, “ताई, ब्लाऊजचे हुक लागत्यात का तुम्हाला?”

मावशी गप्प बसली. मग म्हणाली, “नाही लागत. पंधरा दिवस झाले. गाऊनच घालते घरात.”

मी उडालोच. दर मंगळवारी डॉक्टर विचारायचे, काही त्रास? मावशी म्हणायची, ठीक आहे. बोटांची टोकं बधिर झाली होती, कप हातातून दोनदा पडला होता, आणि ती आम्हाला सांगत होती की कपाला तेलकट हात लागला. का? कारण घरात सगळे तिला ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणत होते. मीही म्हणत होतो. तक्रार केली तर औषध बंद करतील, अशीही भीती होती. पॅक्लिटॅक्सेलनं नसांवर परिणाम होतो, मुंग्या येतात, बधिरपणा येतो, हे छापील माहितीपत्रकात होतं. माहितीपत्रकात हुक नव्हते. काकूंनी त्याच दिवशी तिला आत पाठवून हे सांगायला लावलं. डॉक्टरांनी तपासलं आणि पुढच्या डोसचं प्रमाण कमी केलं. हा बधिरपणा दुर्लक्षित राहिला तर कधीकधी कायमचा राहतो, हे त्यांनी तेव्हा सांगितलं.

आता लॉर्डकडे परत जाऊ. त्या स्वयंसेविकेचं चुकलं कुठे? मी आधी समजत होतो, लोकरीचा गोळा आणला इथे. आता वाटतं, तिनं काही विचारलंच नाही इथे. ती उत्तर घेऊन आली होती. लॉर्डला काय हवंय, तिच्या आयुष्यात कोण आहे, तिला दिसण्याची काळजी आहे की मरणाची, यातलं काहीच त्या पाकिटात मावणारं नव्हतं. लॉर्ड स्वतःही म्हणते की तिला भेटायचं होतं तिच्यासारख्याच कुणालातरी, आणि तशी बाई तिला सापडत नव्हती.

पण इथे माझी लॉर्डशी थोडी तक्रार आहे. ‘रीच टू रिकव्हरी’ सुरू केलं टेरेसी लॅसर नावाच्या बाईनं, 1950च्या दशकाच्या सुरुवातीला, स्वतःच्या ऑपरेशननंतर. त्या काळातलं हे ऑपरेशन म्हणजे स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकदम. बाई शुद्धीवर यायची तेव्हा हात वर कसा करायचा हेही कुणी सांगत नसे. लॅसर वॉर्डात जाऊन बायकांना भिंतीवर बोटं चढवत हात हलवायला शिकवायची. डॉक्टरांच्या जगात एका रुग्णानं दुसऱ्या रुग्णाला काही शिकवणं हाच तेव्हा आगाऊपणा होता. 1969 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं हा उपक्रम आपल्याकडे घेतला. पुढे व्हायचं ते झालं: चांगल्या गोष्टीची स्क्रिप्ट झाली, स्क्रिप्टचं पाकीट झालं. लॉर्डला पाकीट दिसलं. त्यामागची भिंत आणि बोटं तिच्या पुस्तकात फारशी दिसत नाहीत.

शिवाय सहरुग्णांचा आधार म्हणजे नेहमी गोडच, असंही नाही. बार्बरा एहरनराइक ही विज्ञानात डॉक्टरेट केलेली लेखिका. तिला कॅन्सर झाला, आणि 2001 मध्ये ‘हार्पर्स’ मासिकात तिनं त्यावर लेख लिहिला. उपचारांचा, गुलाबी रिबिनींचा राग तिनं इतर रुग्ण बायकांसमोर बोलून दाखवला, तर त्यांनी तिलाच समजावलं की तुझा दृष्टिकोन बदल. आमच्या बाकड्यावरही एकीनं मावशीला कसलातरी काढा सुचवला होता, ‘मला लागू पडला’ म्हणून. आमच्या धंद्यात याला ‘वर्क्स ऑन माय मशीन’ म्हणतात. डॉक्टरांना विचारलं तर ते नाही म्हणाले, आणि विषय संपला. काकू स्वतः असं कधी बोलायच्या नाहीत. त्यांचं ठरलेलं वाक्य, “मला असं झालं, तुम्हाला व्हईलच असं नाही.”

तिसरं पुस्तक ॲन बॉयरचं, ‘द अनडाइंग’, 2019 चं. त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. भाषा म्हणून मला हे सगळ्यात आवडतं, पण मी ते मावशीला वाचून दाखवणार नाही. त्यातला राग बाकड्यावर झेपणारा नाही. मात्र एक मुद्दा तिच्याइतका कुणी मांडलेला नाही. बॉयर एकटी आई. अमेरिकेत आजाऱ्याची काळजी घ्यायला केंद्रीय कायद्यानं रजा मिळते ती नवरा-बायको, मुलं, आई-वडील यांना, मैत्रिणीला नाही. तिला ज्यांनी सांभाळलं त्या मैत्रिणीच होत्या. दोन्ही स्तन काढल्यावर तिला त्याच दिवशी घरी पाठवलं आणि थोड्याच दिवसांत ती वर्गावर शिकवायला उभी होती. ‘एकमेकींना आधार द्या’ म्हणणं फुकट असतं. एका बाईचा मंगळवार फुकट नसतो. सोलापूरहून येणाऱ्या काकूंचा एक मंगळवार म्हणजे आदल्या रात्रीचा प्रवास आणि सुनेची बुडालेली मजुरी.

आणि म्हणूनच लॉर्डच्या पुस्तकाचा जो भाग आपण शेअर करतो, त्यापेक्षा जो करत नाही तो मला आता मोठा वाटतो. भाषणं आणि युक्तिवाद चमकदार आहेतच. पण मधेच ती आपल्या वेदनेची मोजदाद करायला बसते. एकच ‘दुखतंय’ न म्हणता तिच्या जागा, खोली, जात वेगवेगळी लिहून ठेवते. नसलेल्या स्तनातली कळही सोडत नाही. तिथे ती कुणाला काही शिकवत नाही, पटवत नाही. बग रिपोर्ट लिहिणाऱ्या कुठल्याही माणसाला या नोंदींचं मोल कळेल. पण मुख्य म्हणजे, ते वाचताना मला काकूंचा आवाज ऐकू आला.

ती पानं मी मावशीला मराठीत सांगितली. तिनं दोनदा सांगायला लावली. मग गोळ्याचा प्रसंगही सांगितला आणि वाट बघितली की ती लॉर्डची बाजू घेईल.

“तिचं बरोबर आहे तिच्यापुरतं,” मावशी म्हणाली. “मला पतसंस्थेत काउंटरवर उभं राहायचंय. समोरचा माणूस छातीकडे बघून मग स्लिप देतो. मला नाही ते रोज सोसायचं.”

तिच्या ब्रामध्ये तेव्हा काकूंनी शिवून दिलेली सुती पिशवी होती, आत बाजरी भरलेली. नुसता कापूस वर सरकतो, वजन लागतं, असं काकूंचं म्हणणं. आणि टाके पूर्ण भरल्याशिवाय घालायची नाही, ही अट. मापासाठी त्यांनी मावशीलाच विचारलं होतं, दाणे किती घालू. दोनदा उसवून कमी केले. लॉर्डच्या युक्तिवादात या पिशवीला जागा आहे का? मला वाटतं, आहे. तिचा विरोध शांत बसवण्यासाठी दिलेल्या वस्तूला आहे, बाईनं निवडलेल्या वस्तूला नाही; तसं ती म्हणतेही. पण पुस्तकाचा सूर इतका चढा आहे की काउंटरवरच्या बाईला तो आपल्यावरच चढल्यासारखा वाटू शकतो. हा त्या पुस्तकाचा दोष मी मानतो, आणि तरीही ते पुस्तक मी कुणालाही देईन.

मावशीनं थोड्या वेळानं विचारलं, “ती गोळावाली बाई परत आली होती का रे नंतर?”

“नाही. पुस्तकात तिची ती एकच भेट आहे.”

“हं,” मावशी म्हणाली. तिचा बारावा डोस तेव्हा नुकताच झाला होता. “पुढच्या मंगळवारी मला सोडशील का तिकडे? काकूंचे अजून तीन राहिलेत.”