'कन्यादान' : दुःखाचा वारसा आणि दात्याचा अहंकार

विजय तेंडुलकर यांचे 'कन्यादान' हे नाटक १९८३ साली रंगभूमीवर आले आणि पुढे १९९३ च्या सरस्वती सन्मानास पात्र ठरले. दलित तरुणाचे विकृत चित्रण म्हणून आंबेडकरी वाचकांनी त्यावर रोष व्यक्त केला. तो रोष अकारण नव्हता. तथापि केवळ रोषाने समीक्षा पूर्ण होत नाही. जातीची भिंत ओलांडू पाहणारे एक प्रेम या नाटकात विषारी होते. ते विष कोठून येते, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

त्याचा एक झरा देवळालीकरांच्या दिवाणखान्यात आहे. समाजवादी आमदार नाथ देवळालीकर कन्येच्या निर्णयाने हर्षभरित होतात. परंतु हा हर्ष कन्येच्या सुखाचा नसून आपल्या तत्त्वांस घरातच प्रमाण मिळाल्याचा आहे. ज्योती आणि अरुण ही दोन माणसे न राहता एका प्रयोगाची साधने होतात. दाता आपल्या दानाकडे पाहत राहिला की घेणारा त्यास दिसेनासा होतो. उच्चवर्णीय सुस्थितीचा हा सूक्ष्म अहंकार होय. पूर्वजांपासून लाभलेली सुरक्षितता ज्यास आहे, त्यासच माणसांवर प्रयोग करणे परवडते.

दुसरा झरा अरुण आठवले याच्या मनात आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार आणि अवहेलना त्याच्या वाणीतून उसळते, आणि ती वेदना खरी आहे. परंतु पत्नीस मारहाण करणारा हा कवी आपल्या बापाचा दाखला देतो, तेव्हा तो दुःखालाच जन्मसिद्ध ठरवितो. जन्मावरून स्वभाव ठरतो, हे तर जातिव्यवस्थेचेच तत्त्व! ज्या विचाराने त्याच्या पूर्वजांस गावकुसाबाहेर ठेवले, तोच विचार तो ज्योतीच्या अंगावर हात टाकताना वापरतो. दुःखास कारण असते आणि म्हणून त्याचा निरोधही असतो, ही तथागतांची शिकवण येथे पूर्णपणे लोपली आहे.

नाटककाराची मर्यादाही येथेच आहे. बव्हंशी घटना आपण देवळालीकरांच्या घरातून पाहतो. अरुण-ज्योतीचा संसार केवळ ऐकू येतो, आणि अरुणची मार खाणारी आई रंगमंचावर येतच नाही. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमचं' (१९८६) मध्ये महारवाड्यातील सुनांचा छळ निर्भीडपणे लिहिला. परंतु तो लिहिताना त्यांनी त्यास समाजाचा स्वभाव ठरविले नाही. दास्यात पिचलेला मनुष्य आपल्याहून दुर्बलावर कसा उलटतो, हे त्यांनी आतून दाखविले. ही दृष्टी 'कन्यादान'ला लाभली नाही.

ज्योतीची शोकांतिका सर्वांत दारुण आहे. पित्याने शिकविलेल्या आदर्शांसाठी ती अखेरीस अरुणकडे परत जाते आणि पित्यासच दूर सारते. हे प्रेम उरलेले नाही, हे प्रायश्चित्त आहे. आपल्या वर्गाचे ऋण फेडण्यासाठी ती देह झिजविते. परंतु एका स्त्रीच्या वेदनेने दुसऱ्या समाजाची वेदना कधी फिटत नसते.

येथे आम्हांस पटाचारेची आठवण होते. श्रावस्तीच्या श्रेष्ठीची ही कन्या घरच्या सेवकाबरोबर निघून गेली. पती, दोन्ही मुले आणि माहेर गमावून ती वेडीपिशी झाली. भगवंतांनी तिचे कुल विचारले नाही, वा निवडीबद्दल बोल लावला नाही. त्यांनी तिला प्रथम भानावर आणले. पुढे पाय धुताना वाहून जिरणाऱ्या पाण्याकडे पाहून तिला अनित्यता उमगली. शोक नाकारला गेला नाही, आणि त्याचे शस्त्रही झाले नाही.

बाबासाहेबांनी १९३६ साली आंतरजातीय विवाहास जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हटले, परंतु त्यापूर्वी मनावरील शास्त्रप्रामाण्य नष्ट झाले पाहिजे, हेही बजावले. मन न बदलता केवळ विवाह झाला तर काय घडते, हे 'कन्यादान' नकळत सिद्ध करते. आपल्या विवाहविधीत कन्येचे दान नाही, कारण कन्या ही वस्तू नव्हे. सिगालोवाद सुत्त पतीस पत्नीचा सन्मान करावयास सांगते. सबब या नाटकाचा निषेध करताना आपल्या घरातील पाचव्या शीलाचीही विचारपूस आपण करावी. शोषितांचे दुःख हे करुणेचे बीज व्हावे, हिंसेचा परवाना नव्हे.