अर्धवट कामाचं फडताळ

आमचा भाचा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये. दिवाळीला मांजरसुंब्याला आला तो लॅपटॉपसकट. एवढ्यात साहेबांचा फोन, "आधी ती दुसरी चूक दुरुस्त कर!" गड्यानं 'गिट स्टॅश' एवढंच टंकलं आणि सकाळपासूनचं अर्धवट काम पडद्यावरून गुप्त! मी चहाच्या कपासकट उडालो.

ही सोय गिटमध्ये २००७ साली आली. आम्हा बँकवाल्यांना तिचं काय नवल? जुळेना ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून घरी जाण्याची विद्या आमच्याकडे पूर्वापार आहे. पण आमचं सस्पेन्स निदान ऑडिटर तरी उकरतो. स्टॅश ज्याच्या त्याच्या यंत्रातच पडून. सहकाऱ्यांना पत्ता नाही. नव्या फायली तर बजावल्याशिवाय तो आत घेतच नाही. भाच्याच्या यादीत अठरा स्टॅश निघाले. शेरा लिहायची सोय आहे, पण घाईत लिहितो कोण?

"सातव्यात काय आहे रे?"

"बघावं लागेल, मामा."

मला एकदम एक आजी आठवल्या. खातेक्रमांकातल्या एका आकड्यापायी त्यांचे निराधारचे पैसे तीन महिने सस्पेन्समध्ये पडले होते. शेरा लिहायचा राहिला होता तो माझाच.

तेव्हा माझं मत असं, की पाच मिनिटांपुरता स्टॅश ठीक. रात्र उलटणार असेल तर सरळ ब्रँच काढावी, म्हणजे फाटा. त्याला नाव द्यावं आणि अर्धवट का होईना, कमिट करावं. आमच्या गावाहून बीड, सोलापूर, केज, पाटोदा असे रस्ते फुटतात. पाटी असली की चुकलेला माणूसही परत येतो.