कल्पितसृष्टी, नकाशा आणि पंचांग

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या प्रारंभी कविनिर्मितीला नियतीच्या नियमांतून मुक्त मानले आहे. कल्पित प्रदेश उभारणाऱ्या कथात्म साहित्याची पाठराखण करताना या भूमिकेचा आधार सहज घेतला जातो. परंतु जी सृष्टी नियतीचे नियम मानीत नाही, तिला स्वतःचे नियम असावे लागतात, याकडे दुर्लक्ष होते. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांच्या परंपरेवर मराठी समीक्षेने असंभवनीयतेचा आक्षेप घेतला, तो समाजवास्तवाच्या मापाने. कल्पितसृष्टीला निराळे माप लावावयास हवे: लेखकाने एकदा जे मांडले, त्याचे परिणाम तो स्वीकारतो काय?

रायडर हॅगर्डच्या ‘किंग सॉलोमन्स माइन्स’च्या पहिल्या आवृत्तीत (१८८५) पौर्णिमेच्या सुमारासच सूर्यग्रहण घडते, पुढे त्याने तेथे चंद्रग्रहण घातले. सूर्यग्रहण अमावास्येलाच होते, हे मराठी वाचकाला पंचांगामुळे ठाऊक असते. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या समाजात मध्यरात्री पूर्वेला उगवणारी शुद्ध पंचमीची कोर खपू नये. तरीही ती खपते, कारण काव्यशास्त्राने चंद्राला उद्दीपन विभाव ठरविले आणि विरहिणीला हवा तेव्हा तो उगवू लागला. भाव उद्दीपित करणारा आणि काळ मोजणारा चंद्र एकच असतो, ही अट आपल्या रसचर्चेत फारशी आलेली नाही.

स्विफ्टने ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये (१७२६) मंगळाला दोन चंद्र कल्पिले, १८७७ मध्ये ते प्रत्यक्ष सापडले. कौतुक होते ते या योगायोगाचे. अधिक लक्षणीय हे की, त्याने दिलेली ३ व ५ व्यासांची अंतरे आणि १० व साडेएकवीस तासांचे भ्रमणकाळ केप्लरच्या नियमाशी तंतोतंत जुळतात. (खऱ्या चंद्रांशी ते आकडे जुळत नाहीत, त्याने काही बिघडत नाही.) उपहासासाठी रचलेल्या जगातही चंद्र मोकाट सुटलेले नाहीत. दोन चंद्रांच्या भूमीत तिथी कोणत्या चंद्राची, भरती केव्हा, उपास केव्हा सुटतो, हे लेखकाने सांगावेच असे नाही; ठरविलेले मात्र असावे.

नकाशाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. नदी जलविभाजक ओलांडीत नाही, हा कल्पित नकाशाचा पहिला नियम मानला जातो. खालापूर तालुक्यातील रसायनीपाशी तो मोडलेला दिसतो. शेजारच्या पाताळगंगेत लोणावळा परिसरातील तलावांचे, एरवी पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जावयाचे पाणी येते; १९१५ पासून ते खोपोलीच्या टाटा वीजकेंद्राच्या नळांतून घाटाखाली उतरते. त्या नदीकाठी कारखाने आले. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सची (स्थापना १९६०) वसाहत उभी राहिली आणि जुन्या मोहोपाड्याशेजारी उद्योगावरून ‘रसायनी’ हे नाव नकाशावर आले. एखाद्या कादंबरीकाराने हाच प्रदेश कल्पिला असता, तर समीक्षकांनी पाण्याची दिशा आणि नावाचे संस्कृत रूप या दोहोंनाही कृत्रिम म्हटले असते. येथे नियमभंग आहे, पण त्यामागे नळ आहेत, वीज आहे, मजुरी आहे, प्रदूषित पाणीही आहे. २०१७ मध्ये केंद्र सरकारने तेथील बहुतेक उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला, नाव राहिले. कल्पित देशांच्या नकाशांवर डोंगर, नद्या, राजधान्या रेखीव असतात. ज्याचे कारण संपले, पण जे पुसले गेले नाही, असे गावाचे नाव त्यांवर क्वचितच आढळते.