गुरुवारचे गाणे

जमिनीच्या जुन्या दप्तरात ‘मौजे निघोजे, तालुका खेड, जिल्हा पुणे’ एवढीच ज्याची नोंद, त्या इंद्रायणीच्या खोऱ्यातल्या गावाच्या शिवारात गेल्या दोन दशकांत मोटारींचे कारखाने उभे राहिले. फोक्सवॅगनचा कारखाना 2009 साली सुरू झाला, पाठोपाठ महिंद्राचा आला, आणि त्यांच्या मागोमाग सुट्या भागांची वर्कशॉपे, पत्र्याच्या खोल्यांच्या चाळी, खानावळी आणि पोटासाठी मुलूख सोडून आलेली हजारो तरुण माणसे आली. अशा ठिकाणी कोणत्याही कंपनीच्या अथवा चित्रपटसृष्टीच्या आश्रयावाचून आपले गाणे आपणच बांधणारे स्वतंत्र कलावंत आहेत काय, असा प्रश्न पुण्यातील एखाद्या रसिकाला केला, तर तो बहुधा नकार देईल, आणि त्याचा नकार प्रामाणिकच असेल. कारण तो ज्या वारी ऐकायला निघतो, त्या वारी इथले गाणारे हात यंत्रावर असतात.

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यातील बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. 2010 साली पुण्यात सुरू झालेल्या आणि अनेक स्वतंत्र बँडांना देशभर नाव मिळवून देणाऱ्या ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ या महोत्सवाच्या नावातच शनिवार-रविवार आहे. शहरातील मैफली, रंगमंदिरांतील कार्यक्रम, वृत्तपत्रांतील परीक्षणे, सारे त्याच दोन दिवसांच्या हिशेबाने चालते. त्यातच 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई केलेली, आणि दुसऱ्या पाळीचा कामगार मोकळा होतो तो त्याच्याही पुढे. नियम योग्यच आहे, झोपेचा हक्क गाण्याच्या हक्काहून लहान नाही; तथापि ज्याची संध्याकाळ आठवड्याआड कारखान्याच्या स्वाधीन असते, त्याच्या वाट्याला गाण्यासाठी गुरुवारची संध्याकाळ तेवढी उरते, ही गोष्ट कलासमीक्षकाने कायद्याइतक्याच गंभीरपणे ध्यानी घ्यावयास हवी.

त्या संध्याकाळी या गावांतून पायी हिंडावे. कार्यक्रमाची जाहिरात कोठेही नसते. आवाजाच्या रोखाने जावे लागते. प्रथम कानी येतो तो पखवाज, आणि तो यावा हे स्वाभाविकच आहे, कारण आळंदी इथून हाकेच्या अंतरावर आहे. विष्णुबुवा जोगांनी 1917 साली तेथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, आणि तेव्हापासून कीर्तन, गायन व मृदंग शिकण्यासाठी साऱ्या महाराष्ट्रातून मुले आळंदीस येत राहिली. या परिसरातील भजनी मंडळांच्या हाताला जी तयारी आहे, तिच्यामागे ही शतकभराची तालीम उभी आहे. भजनाला स्वतंत्र संगीत म्हणावे की परंपरेचे पठण, असा आक्षेप येईल. अभंगाचे शब्द संतांचे, त्यांत काडीचा फेरफार करण्याची मुभा कोणाला नाही. परंतु चाल गाणाऱ्याची, आणि चालीतच त्याची प्रतिभा ओळखू येते.

इथे मात्र एक तक्रार नोंदवलीच पाहिजे. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारांचा असतो. हा आखूड चौथा चरण म्हणजे त्या छंदाचा श्वास होय, कारण शब्द तेथे थांबतात आणि उरलेली जागा टाळ-मृदंग भरून काढतात. वारकरी चाली बांधणाऱ्या अनामिक पूर्वसूरींना हे मर्म पुरेपूर ठाऊक होते. आज चित्रपटातील लोकप्रिय गाण्याची चाल उचलून तीत अभंग बसवण्याची जी वहिवाट पडली आहे, तिच्यात पहिला बळी जातो तो याच विसाव्याचा. चार अक्षरे आठ-दहा मात्रांवर ताणण्यासाठी ‘हो’, ‘रे’ आणि निरर्थक आलाप पेरले जातात, मृदंगाला उत्तर द्यायला जागा उरत नाही, आणि टाळकरी केवळ साथीदार होऊन बसतात. ज्या मंडळाची चाल चौथ्या चरणाला मोकळे सोडते, त्या मंडळाकडे थांबावे, मग गवयाचा आवाज दिवसभराच्या धुरळ्याने बसलेला का असेना. असे गाणे मी या पट्ट्यात ऐकले आहे, आणि नामांकित सभागृहांत ऐकलेल्या कित्येक अभंगवाण्यांहून ते मला अधिक शुद्ध वाटले.

शब्दांचे नवेपण हवे असेल तर मात्र भजनापाशी न थांबता भीमगीतांकडे वळले पाहिजे. वामनदादा कर्डकांनी गावोगाव गात रुजवलेली ही परंपरा मराठवाड्या-विदर्भातून आलेल्या कामगारांनी सोबत आणली. 14 एप्रिल जवळ आला की चाळीचाळींतून वह्या उघडतात, ढोलकी चढते, आणि दरवर्षी नवे गीत बांधले जाते. माझ्या मते या साऱ्या पट्ट्यात काव्यरचनेची सर्वांत जिवंत शाळा हीच होय. इथे प्रत्येक ओळ शेजारी बसलेल्या श्रोत्याच्या कसोटीला उतरावी लागते, आणि न उतरल्यास ती तिथल्या तिथे बदलली जाते. की-बोर्डच्या तयार ठोक्यांखाली शब्द बुडू लागले आहेत, हे दुर्दैव. त्यांच्याच पलीकडच्या खोलीत पूर्वांचलाचे कामगार ढोलक आणि मंजिऱ्यांवर बिरहा अथवा निर्गुण गात असतात. मराठी समीक्षेने त्यांची अद्याप दखल घेतलेली नाही. वस्तुतः कबीराची पदे वारकऱ्यांच्या फडातही शतकानुशतके गाइली जात असल्याने त्यांचे निर्गुण आपल्या कानाला परके वाटण्याचे कारण नाही.

ढोल-ताशा पथकांविषयी मला फारसे म्हणावयाचे नाही. ढोलांची संख्या हीच त्यांची प्रतिष्ठा होऊन बसल्यापासून ताशा वाजवणाऱ्या एकट्या हाताची करामत ऐकूच येईनाशी झाली आहे.

मग राहतात ते मोबाइलवर गाणे ध्वनिमुद्रित करणारे तरुण रॅपर. 2019 मधील ‘गली बॉय’ चित्रपटाने या कलेला घरोघर पोचवले, पुण्याच्या वस्तीतून आलेला एम. सी. स्टॅन देशभर गाजला, आणि चाकणच्या पोराच्या मनात आपणही बोलावे अशी उमेद जागली. परंतु तो बोलू लागतो तेव्हा मुंबईची गल्ली, मुंबईची हिंदी आणि परक्या माणसाचा आवेश त्याच्या तोंडी येतो. त्याच्याजवळ कंत्राटदाराचा हजेरीपट आहे, ओव्हरटाइमचा हिशेब आहे, बीडच्या किंवा परभणीच्या बोलीतील जबर शब्द आहेत, आणि प्रेसच्या ठोक्याची लय तर दररोज आठ तास त्याच्या अंगातून वाहते. इंग्लंडातील बर्मिंगहॅम हे असेच कारखान्यांचे शहर. तेथे 1965 साली पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावलेल्या टोनी आयोमीने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, गिटारला हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैलही सोडल्या, आणि त्यातून ‘ब्लॅक सॅबथ’चा जो जड, काळोखा नाद निघाला तो जगाने उचलला. मुंबईच्या गिरणगावातही 1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, तेव्हा त्यांनी कामगाराच्या जगण्याची भाषाच गाण्यात आणली होती. आमच्या तरुणांनी हे धैर्य करावे, ही माझी मनापासूनची मागणी आहे.

आणि ऐकणाऱ्यांकडेही एक मागणी आहे. चाकणवरून जाणाऱ्या पुणे-नाशिक रस्त्यावर पुढे नारायणगाव लागते. चैत्रातल्या यात्रांचा हंगाम आला की तमाशाच्या फडांच्या राहुट्या तेथे पडतात, गावोगावचे पंच येतात, चौकशी करतात, घासाघीस करतात आणि इसार देऊन सुपारी पक्की करतात. विठाबाई नारायणगावकरांसारखी कलावती ज्या मातीत वाढली, तिथे कलावंत शोधणे हे गावाचे काम मानले जात असे. पंचाला फड नुसता नावाने ठाऊक असून भागत नसे, त्याला ऐकावे लागे. औद्योगिक पट्ट्यातील गावांनी यात्रेच्या वर्गणीतून डीजेची भिंत भाड्याने आणण्याऐवजी चाळीतल्या भीमगीतांच्या एका गायन पार्टीला, एका रॅपरला, एका भजनी मंडळाला रीतसर बिदागी देऊन उभे केले, तर या कलावंतांना पहिला परका श्रोता मिळेल. आजवर ते परस्परांसाठीच गात आले आहेत.

गुरुवारी भजनात साडेनऊच्या सुमारास भैरवी होते. दहाच्या आत ध्वनिक्षेपक बंद होतो, टाळ पिशवीत जातात, विणेकरी वीणा खुंटीला लावतो. पखवाजी धुमेवरची ओली कणीक नखाने खरवडून काढतो, फडक्याने कातडे पुसतो आणि गवसणी चढवतो. पहिल्या पाळीची बस पहाटे नाक्यावर येते, तेव्हा त्याच्या नखांत पीठ राहिलेले असते.