उपग्रहाचे चित्र आणि खाडीची तिथी

नवी मुंबईत खारफुटीवर राडारोडा पडला, पाणथळीत येणारे भरतीचे पाणी अडले, की आता तक्रारीला उपग्रहचित्र जोडलेले असते. उरणची पाणजे पाणथळ असो वा नेरुळचा डीपीएस तलाव, पर्यावरण कार्यकर्त्यांनी जुनी-नवी चित्रे शेजारी ठेवून प्रशासनाला जाब विचारला आहे. सर्वांना खुली असलेली माहिती जुळवून सत्य शोधण्याच्या या विद्येला ओसिंट म्हणतात. 2014 मध्ये सुरू झालेल्या बेलिंगकॅट या शोधगटाने ती युद्धांच्या तपासातून जगापुढे आणली. आपल्याकडे ती खाजणाच्या चिखलात वाढते आहे.

तिला इथे न्यायालयाचाही आधार मिळाला. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये खारफुटीची तोड थांबवताना उपग्रहाच्या साहाय्याने तिचे नकाशे करण्यास सांगितले. 2018 च्या निकालात खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरला. म्हणजे नकाशा हा इथे हक्काचा दस्तऐवज आहे.

साधनांची आज वाण नाही. गूगल अर्थवर जुनी चित्रे वर्षावर्षाने मागे नेऊन पाहता येतात. ती स्पष्ट असतात, पण दोन चित्रांमध्ये कधी कधी अनेक महिने जातात. युरोपचा सेंटिनेल-2 दर काही दिवसांनी फुकट चित्र देतो, मात्र त्याचा एक ठिपका दहा मीटरचा. भराव दिसतो, डंपर दिसत नाही. पावसाळ्यात ढग त्याला आंधळा करतात; तेव्हा सेंटिनेल-1 चे रडार कामी येते. जमीन कोणाची हे सातबारा सांगतो, पर्यावरण मंजुरीचे कागद परिवेश पोर्टलवर मिळतात आणि उरलेले माहितीच्या अधिकारात मागता येतात.

उणीव आहे ती चित्रांच्या वाचनात. अमावास्या-पौर्णिमेला आपल्या किनाऱ्यावर दुपारी बाराच्या सुमारास भरती असते, अष्टमीच्या आसपास त्याच वेळी ओहोटी. सेंटिनेल-2 आपल्यावरून जातो सकाळी अकराच्या सुमारास. साहजिकच पौर्णिमेच्या चित्रात पाणी चमकते आणि अष्टमीच्या चित्रात चिखल उघडा पडतो. ही दोन चित्रे तिथी न पाहता शेजारी ठेवली, तर भरलेले खाजणही आटल्यासारखे वाटेल. समोरचा वकील एका प्रश्नात अशी तक्रार मोडीत काढील आणि खरी तक्रारही तिच्यासोबत बुडेल. उलट, लागोपाठच्या उधाणांतही आत पाणी शिरलेले दिसले नाही, तर पाण्याची वाट बुजल्याचा संशय पक्का होतो. मग बांधावर जाऊन खात्री करावी.

हे गणित आगरी-कोळी घरांत पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे. जाळे कधी टाकायचे ते त्यांना तिथी सांगते. तरीही तपासाच्या शिकवणीत त्यांना क्वचितच बोलावले जाते. मला ही या कलेची सर्वांत मोठी चूक वाटते.

दुसरी उणीव जपणुकीची. तारीख आणि अक्षांश-रेखांश नसलेली चित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिचा डिजिटल ठसाही नोंदवावा लागतो. तेव्हा मूळ फाइल पहिल्याच दिवशी, जशीच्या तशी ठेवली पाहिजे. खुली माहिती म्हणजे कोणाच्याही खासगी आयुष्यात डोकावण्याची मुभा नव्हे, हेही तपासाच्या शिकवणीत सांगावे.

ठाणे खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य 2015 मध्ये घोषित झाले आणि 2022 मध्ये रामसर स्थळ ठरले. पण आसपासच्या पाणथळींत भरतीची वाट मोकळी राहिली तरच तिथल्या पक्ष्यांना विसाव्याचे खाजण उरेल. त्यासाठी प्रत्येक चित्राखाली तीन गोष्टी लिहाव्यात: तारीख, तिथी आणि बांधावर जाऊन ती जागा पाहिलेल्या माणसाची साक्ष.